२० ज्यूलचा उजेड

नवा मोबाइल घ्यायला गेलो की आपण काय काय विचारतो? कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती चालते, ईएमआय बसतो का... आणि शेवटी हळूच, 'पडला तर फुटतो का हो?' मग दुकानदार गोरिला ग्लासचं कौतुक सांगतो, वर स्क्रीनगार्ड चिकटवतो, त्यावर कव्हर चढवतो. आपण खूश! आता जरा गणित बघा. २०० ग्रॅमचा मोबाइल एक मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याच्यात साधारण २ ज्यूल ऊर्जा असते. या दोन ज्यूलच्या धास्तीपायी आपण काय काय खर्च करतो!

पण रात्री साडेदहाला ऑफिसच्या कॅबमधून उतरून ज्या दिव्याखालून आपण घरापर्यंत चालत जातो, तो दिवा किती मार सोसतो, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलंय? दिवा आहे की नाही एवढंच आपण बघतो. चालू असला तर लक्ष जात नाही आणि बंद असला तर पावलं आपोआप भरभर पडतात.

मला हा प्रश्न पडला तो रिसोडमुळे. पुण्यातल्या मैत्रिणींना रिसोड म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'हे कुठे आलं?' तर मंडळी, रिसोड वाशीम जिल्ह्यात. आणि वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला, म्हणजे जिल्हा माझ्याच बॅचचा! गावात पिंगलाक्षी देवीचं देऊळ, शिवारात सोयाबीन आणि तूर. रेल्वे नाही, त्यामुळे पुण्याहून जायचं तर रात्रभर ट्रॅव्हल्स. पहाटे मान आखडलेली असते, पण काकूच्या हातचा पहिला चहा मिळाला की सगळं माफ.

माझे काका राहतात गावाबाहेरच्या एका ले-आऊटमध्ये. विदर्भात 'ले-आऊट' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शेत होतं, त्याचे प्लॉट पडले, मग एकेक घर उभं राहिलं. काकांच्या ले-आऊटमध्ये आता अठरा घरं आहेत. तोंडाशी एक कमान आहे आणि कमानीजवळच्या ठेंगण्या खांबावर एक दिवा. हा दिवा लोकांनी स्वतः वर्गणी काढून बसवलेला. दिसायला छान, दुधी रंगाचा गोल गोळा. लग्नाच्या हॉलबाहेर असतात ना, तसा.

हा गोळा दीड वर्षात तीनदा फुटला.

पहिल्यांदा क्रिकेटच्या बॉलने. दुसऱ्यांदा अवकाळी गारपिटीत. तिसऱ्यांदा दगडाने. हा दगड कुणी मारला ते कुणालाच माहीत नाही आणि अठरा घरांचे अठरा वेगवेगळे संशयित आहेत! तिसऱ्यांदा फुटल्यावर मात्र नवा गोळा आणायचा उत्साह संपला. होल्डर तसाच लोंबकळत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, एक दिवा फुटला, त्यात काय एवढं? तर माझी चुलत बहीण बावीस वर्षांची आहे. एमपीएससीची तयारी करते. गावातल्या एका अभ्यासिकेत तिची महिन्याची सीट आहे. खुर्ची, टेबल, पंखा, डोक्यावर एक ट्यूब आणि संपूर्ण शांतता. ती रात्री नऊपर्यंत तिथे बसायची आणि चालत घरी यायची. दिवा गेला आणि काकूने फर्मान काढलं, सातच्या आत घरात! डिसेंबरात तर साडेसहालाच अंधार पडतो, म्हणजे निघायचं सहाला. दिवसाचे तीन तास गेले. महिन्याचे नव्वद. स्पर्धा परीक्षेत नव्वद तास म्हणजे काय, हे ज्याने कुणी अभ्यासिकेत सीट धरलीय त्याला विचारा.

'घरी बस की अभ्यासाला,' असं मीही फोनवर म्हणून पाहिलं. ती म्हणाली, ''ताई, घरी अभ्यास होतो गं. पण घरी टीव्हीपण होतो, पाहुणेपण होतात आणि सगळ्यांचा चहापण मीच करते.'' यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग काकांचा फोन आला. ''अवं, दिवा लावाले पैसे हायेत. पण फोडणाऱ्याले कोण पुरीन? तिकडं पुण्यात चांगला दणकट दिवा भेटते का, पाह्य बरं जरा.''

मास कॉमची डिग्री घेताना 'सोर्स शोधा, मग क्रॉसचेक करा' हे एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे शनिवारी दुपारी मी थेट तपकीर गल्ली गाठली. पुण्यात वायरपासून झुंबरापर्यंत जे काही विजेवर चालतं ते तिथे मिळतं. पहिल्या दोन दुकानांत मी म्हटलं, ''बाहेर लावायचा, न फुटणारा दिवा हवाय.'' दोन्हीकडे उत्तर एकच, ''आयपी ६५ आहे मॅडम, टेन्शन नका घेऊ!''

आयपी ६५ हा प्रकार आता बऱ्याच जणांना माहीत असतो. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे आत धूळ शिरत नाही. दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी दिव्याला अपाय नाही. उत्तम! पण माझी बहीण काही धुळीमुळे घरी बसली नव्हती. दगडाचं काय?

तिसऱ्या दुकानात काउंटरवर माझ्याच वयाचा मुलगा होता. त्याने मान वर करून विचारलं, ''आयके किती पाहिजे?'' आणि माझी शनिवार दुपार सार्थकी लागली!

तर, आयके. आयपीचं हे धाकटं, कमी प्रसिद्ध भावंडं. विजेच्या उपकरणाचं बाहेरचं कवच किती जोराचा आघात सोसतं, ते सांगणारा हा कोड. पूर्वी काही देशांत आयपीच्याच मागे तिसरा आकडा लावून हे काम भागवायचे. १९९५ मध्ये युरोपात यासाठी वेगळं मानक आलं आणि २००२ मध्ये आयईसी ६२२६२ हे आंतरराष्ट्रीय मानक. आयके ०० म्हणजे काहीच संरक्षण नाही. तिथून ०१, ०२ करत वर आयके १० पर्यंत जायचं. २०२१ मध्ये या मानकात त्याहून वरची, ५० ज्यूलची आयके ११ ही पायरीही आली.

चाचणी कशी घेतात, हे वाचून मला जाम मजा वाटली. काही हायफाय नाही, सरळ हातोडा! आयके ०६ म्हणजे १ ज्यूल: पाव किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून. आयके ०७ म्हणजे २ ज्यूल: अर्धा किलो, तेवढ्याच उंचीवरून. (आपला मोबाइल इथेच येतो.) आयके ०८ म्हणजे ५ ज्यूल: १.७ किलो, ३० सेंटिमीटरवरून. आयके ०९ म्हणजे १० ज्यूल: ५ किलो, २० सेंटिमीटरवरून. आणि आयके १० म्हणजे २० ज्यूल: तेच ५ किलोचं पोलादी वजन ४० सेंटिमीटरवरून. कवचाच्या प्रत्येक उघड्या बाजूला साधारण पाच फटके, आणि तेही सगळे एकाच जागी नाहीत. गंमत बघा, पायऱ्या सारख्या चढत नाहीत. आठवरून दहावर गेलं की दोनच अंक वाढतात, पण मार होतो चौपट.

मी हे सगळं वहीत उतरवलं आणि घरी येऊन रिसोडच्या तीन गुन्ह्यांची चौकशी मांडली.

गुन्हा पहिला: बॉल. टेनिस बॉलचं वजन साधारण ५८ ग्रॅम. ताशी ७२ किलोमीटर वेगाने तो सुटला तर ऊर्जा होते साडेअकरा ज्यूलच्या आसपास. बॉल मऊ असतो, आदळताना स्वतःच दबतो, म्हणून पोलादी हातोड्याइतका लागत नाही. पण ठिसूळ ॲक्रिलिकच्या गोळ्याला तेवढंही पुरतं. आणि लेदर बॉल असेल तर विचारूच नका. १६० ग्रॅम, तोच वेग, ३२ ज्यूल. आयके १० चीही दांडी गुल!

गुन्हा दुसरा: गारा. गारपीट रिसोडला नवी नाही. ११ फेब्रुवारी २०१८ ला विदर्भ-मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिची आठवण काका अजून काढतात. वाशीम जिल्ह्यालाही तिने झोडपलं होतं. आपल्याकडे गारेचं माप बोर, लिंबू, असं सांगतात. ते शास्त्रात बसवता येतं. सोलर पॅनेलच्या चाचणीत अडीच सेंटिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने मारतात. ही झाली बोराएवढी गार. ऊर्जा २ ज्यूल, म्हणजे आयके ०७. साडेचार सेंटिमीटरची, म्हणजे चांगल्या लिंबाएवढी गार त्याहून जोरात येते, ताशी ११० किलोमीटर. ऊर्जा २० ज्यूलच्या घरात. थेट आयके १०! बोर आणि लिंबू यांच्यात दहापट मार आहे, हे आपल्या आजीला ज्यूल माहीत नसतानाही माहीत होतं.

गुन्हा तिसरा: दगड. मुठीत बसणारा १०० ग्रॅमचा दगड, ताशी ७२ किलोमीटर. बरोबर २० ज्यूल. पण तो वर फेकावा लागतो, आणि चढताना दर मीटरला त्याचा साधारण एक ज्यूल खर्च होतो. म्हणजे खांब जितका उंच, तितका दगड दमलेला! उंचीमुळे नेमही चुकतो, तो फायदा वेगळाच. गारेला मात्र उंचीचा काही फरक पडत नाही, ती वरूनच येते.

इथे माझी ट्यूब पेटली. आपला दुधी गोळा तिन्ही गुन्ह्यांना आमंत्रण देत होता. ठिसूळ प्लास्टिक, ठेंगणा खांब आणि वरच्या बाजूनेही उघडं अंग. त्याऐवजी खाली तोंड केलेली, पाठीला ॲल्युमिनियमचं जाड कवच असलेली फिटिंग घेतली तर गारा पाठीवर पडतात, काचेवर नाही. आणि दिवा वर नेला की बॉल-दगडाचा जोर कमी होतो. आकड्याइतकंच आकाराला आणि जागेला महत्त्व आहे. म्हणूनच उंच खांबावरच्या दिव्यांना आयके ०८ बऱ्याचदा पुरतं. आयके १० लागतं ते हाताच्या टप्प्यातल्या दिव्यांना. सबवे, जिने, बागेतले बुटके दिवे, पार्किंग.

अजून एक. पूर्वी दिवा फुटला की बल्ब बदलायचा, दहा मिनिटांचं काम. एलईडी आल्यापासून गोष्ट बदलली. जानेवारी २०१५ मध्ये देशात रस्त्यांवरचे दिवे एलईडी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात १ कोटी ३० लाखांहून जास्त दिवे बसले. वीज वाचली, छानच झालं. पण अनेक एलईडी फिटिंगमध्ये दिवा, सर्किट आणि कवच हे सगळं एकच असतं. कवच तडकलं, पाणी शिरलं, की बऱ्याचदा सगळी फिटिंगच भंगारात. म्हणून आता कवचाची ताकद ही चैन राहिलेली नाही.

अर्थात, आयके म्हणजे अमरपट्टा नव्हे. चाचणी नव्याकोऱ्या नमुन्यावर होते, १५ ते ३५ अंश तापमानात. रिसोडचा मे महिना चाळिशीच्या पुढेच असतो. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक मार खाण्यात एकदम सॉलिड, पण त्याला अतिनील किरणांपासून जपणारा थर नसेल तर वर्षानुवर्षं उन्हात ते पिवळं आणि ठिसूळ होतं. टफन्ड काच पिवळी पडत नाही, पण जास्त आयके हवा तर ती जाड लागते. ॲक्रिलिक उन्हात टिकतं, पण फटक्यात मोडतं. सगळे गुण एकाच स्थळात नसतात, हे लग्नाच्या वयाच्या वाचकांना मी काय सांगावं!

तर आयके १० ची, खाली तोंडाची, पॉलिकार्बोनेटची फिटिंग मी पसंत केली. किंमत साध्या फिटिंगच्या जवळपास दुप्पट. आणि खांब उंच करायचा खर्च वेगळा. म्हणजे पुन्हा वर्गणी. म्हणजे मीटिंग!

दिवाळीच्या सुट्टीत मी रिसोडला गेले तेव्हा कमानीखालीच खुर्च्या टाकून बैठक झाली. मी माझी वही उघडून बोर, लिंबू, दगड असं सगळं सांगितलं. लोकांनी कौतुकाने ऐकलं. मग एक आजोबा शांतपणे म्हणाले, ''हे समदं ठीक हाये. पण पोट्ट्यांचं क्रिकेटच बंद करून टाका ना. दिवाही वाचते अन् पैसेही वाचते.'' बऱ्याच माना हलल्या. बिनखर्चाचा उपाय कुणाला नको असतो?

आणि दुसऱ्या एका काकांनी पुढचं वाक्य टाकलं, ''अन् रात्रीची कोन जाते तिथून? पोरीबाळींनं टायमात घरी यावं.''

माझ्या वहीत यावर एकही आकडा नव्हता.

बोलली ती माझी बहीण. मागे, बायकांच्या खुर्च्यांत बसली होती. ''पोरं खेळत असतात ना, तेव्हाच मला भीती वाटत नाही,'' ती म्हणाली. ''नऊला मी येते तेव्हा त्यांचा आरडाओरडा लांबूनच ऐकू येतो. तेव्हा वाटतं, आलं घर. मॅच नसेल त्या दिवशी दिवा असूनही मी पळत येते. पोरांना हाकलू नका. दिवाच असा लावा की त्यांना खेळता येईल.''

जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्ये शहरांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हेच मांडलं होतं: रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर असलेल्या माणसांच्या नजरेमुळे. आम्हाला ते कॉलेजात एका लेक्चरमध्ये शिकवलं होतं. माझ्या बहिणीला ते कुणीच शिकवलेलं नाही. ती रोज चालते, एवढंच.

बैठक एकमताने वगैरे संपली नाही. तीन घरांनी वर्गणी दिली नाही. ज्या आजोबांनी क्रिकेट बंद करायला सांगितलं होतं त्यांनी मात्र पहिले पैसे काढले. त्यांचा नातूच ओपनिंगला जातो, हे मला नंतर कळलं! पोरांशीही करार झाला: टेनिस बॉल चालेल, लेदर बॉल दिवसा आणि मैदानात. १६० ग्रॅमचं गणित मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांच्या कॅप्टनला ते इतकं आवडलं की त्याने सिक्स मारला की 'किती ज्यूल?' असं विचारायला सुरुवात केली.

वायरमनने जुना खांब काढून सहा मीटरचा लावला. संध्याकाळी बटण दाबलं आणि कमानीपासून चौथ्या घरापर्यंतची गल्ली उजळली. काकूने नुसतं ''हं'' केलं. वऱ्हाडात हे मोठ्ठं सर्टिफिकेट असतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट मात्र टोचत राहिली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांच्या बाहेर वावरण्यावरचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं की, सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला घरात बसवणं हा उपायच नाही. काही कामधाम नसतानाही बाहेर रेंगाळण्याचा हक्क तिला हवा. ते वाचताना मी माना डोलवल्या होत्या. रिसोडला मात्र मी नव्वद तास परत मिळवण्यासाठी एका फिटिंगची वकिली करत होते. हक्क मागायला वेळ लागतो, पूर्वपरीक्षेची तारीख थांबत नाही. तोवर २० ज्यूल तर २० ज्यूल!

आता तुमच्यासाठी. पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या किंवा गेटच्या दिव्यांचा विषय निघाला, तर मोबाइलमधून डोकं वर काढा आणि दोन प्रश्न विचारा. आयपी किती? आणि आयके किती? कॅटलॉगमध्ये आयके लिहिलेला नसेल तर चाचणीचा रिपोर्ट मागा. हाताच्या टप्प्यातला दिवा असेल तर आयके १० चा आग्रह धरा. उन्हात राहणार असेल तर प्लास्टिक कुठलं ते विचारा. लोक तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील, पण चालतं. दिवा लागतो तेव्हा तो सगळ्यांचाच असतो. फुटतो तेव्हा त्याचा पहिला फटका नेमका कुणाला बसतो, हे तुमच्या सोसायटीत रात्री उशिरा येणाऱ्या कुणालाही विचारा.

रिसोडचा दिवा दुसऱ्या पावसाळ्यातूनही पार पडलाय. ॲल्युमिनियमवर दोन पोचे आलेत, कुणामुळे ते पोरं सांगत नाहीत. बहीण परत अभ्यासिकेत बसते आणि नऊला निघते. काकूचा नियम 'सातच्या आत'वरून 'साडेनऊच्या आत' झालाय. नियम अजून आहेच.